डीबी एक की डीबी दोन

गिटलॅब हे २०११ साली युक्रेनमध्ये सुरू झालेलं, लोकांचा कोड सांभाळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. त्याचा स्वतःचा कोडही कुणीही वाचावा, सुधारणा पाठवावी, हवं तर आपल्या सर्व्हरवर ते चालवावं. ते बनवणारी कंपनी स्वतः चालवते त्या गिटलॅब डॉट कॉमवर ३१ जानेवारी २०१७ रोजी जे घडलं, त्याचा हा घटनाक्रम. वेळा जागतिक प्रमाणवेळेच्या आहेत; भारतातल्या हव्या असतील तर साडेपाच तास मिळवा.

त्या दिवसाच्या आधीपासून
माझ्या मते खरी दुर्घटना इथेच घडून गेली होती. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर होता, बॅकअप काढणारं साधन मात्र ९.२ चं चालत होतं. जुनं साधन नव्या डेटाबेसचा बॅकअप काढत नाही. एरर देतं आणि थांबतं. त्या एररचे ईमेलही निघत होते, पण त्यांवर डिजिटल सही नसल्याने मेल सर्व्हर ते नाकारत होता. बॅकअप फसत होता, तशी तक्रारही होत होती, फक्त ती कुणापर्यंत पोहोचत नव्हती.

१७.२०
डेटाबेसवरचा भार वाटून देता येईल का, हे पाहायला एका इंजिनिअरने प्रॉडक्शनचा, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसचा, स्नॅपशॉट हाताने काढून स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर चढवला. एरवी असा स्नॅपशॉट चोवीस तासांतून एकदाच निघायचा.

१९.००
भार वाढू लागला. संशय स्पॅमवर. एका खात्यावरून तर ४७,००० आयपी पत्ते लॉग-इन करत होते. कुणीतरी रिपॉझिटरीचा वापर फुकट फाइलवाटपासाठी चालवला होता. शिवाय कुणाच्या तरी खोडसाळ तक्रारीमुळे कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याचं खातं सगळ्या डेटासह पुसण्याचं काम मागे चालू होतं. हे मात्र नंतर कळलं.

२३.००
डीबी-१ मुख्य, डीबी-२ त्याच्या लॉगवरून चालणारी प्रत. भारामुळे प्रत मागे पडली, आणि तिने वाचण्याआधीच डीबी-१ वरचा लॉग पुसला गेला. आता डीबी-२ रिकामा करून सगळं नव्याने भरणं आलं. इंजिनिअर खरं तर रात्र झाली म्हणून काम आवरतं घेणार होता. तो थांबला.

आधी जोडण्यांची मर्यादा आडवी आली. ती वाढवली तर पोस्टग्रेस सुरूच होईना. मग दुसरी एक मर्यादा ८,००० वरून २,००० वर आणली. आता कॉपीची कमांड चालली, पण स्क्रीनवर अक्षर उमटेना. ती मुख्य सर्व्हरकडून डेटा सुरू होण्याची वाट पाहत होती, आणि अशा वेळी ती गप्पच बसते. हे ना टीमच्या कार्यपद्धतीत नीट लिहिलेलं होतं, ना त्या कमांडच्या अधिकृत माहितीत.

२३.३० च्या सुमारास
डेटाची रिकामी डिरेक्टरी आधीपासून असल्याने कमांड अडली असेल, असं वाटून इंजिनिअरने ती उडवायची ठरवली. डीबी-२ वरची. उडवली डीबी-१ वरची. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात येऊन त्याने कमांड तोडली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. पुण्यात तेव्हा पहाटेचे पाच.

मध्यरात्रीनंतर
ॲमेझॉनवरच्या बॅकअपची जागा उघडली, ती रिकामी. ॲझ्युरचे डिस्क स्नॅपशॉट डेटाबेस सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. हाती उरला १७.२० चा स्नॅपशॉट, दुसऱ्याच कामासाठी काढलेला. तोही स्टेजिंगच्या स्वस्त, मंद डिस्कवर. कॉपीचा वेग सेकंदाला जेमतेम ६० मेगाबिट. सुमारे अठरा तास लागले.

या वेळात कंपनीने घडत्या घटनेच्या नोंदी जगासमोर उघड्या ठेवल्या आणि दुरुस्तीचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण केलं. एका वेळी पाच हजारांच्या आसपास लोक ते बघत होते. प्रोग्रेस बार सरकताना बघायला एवढी गर्दी! ओपन सोर्सवाल्यांच्या या उघडेपणाला मी तरी दिखावा म्हणणार नाही. कुणालाही सर्वांत आधी झाकावीशी वाटेल अशी हीच गोष्ट होती.

१ फेब्रुवारी, १८.००
साइट पूर्ववत. लोकांचा कोड शाबूत राहिला, कारण तो डेटाबेसमध्ये नव्हताच. १७.२० ते मध्यरात्र या वेळातले सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती मात्र गेली.

पुढच्या अहवालात ‘असं का झालं’ हा प्रश्न उत्तरामागून उत्तराला विचारत नेला आहे. बॅकअप परत लावून पाहण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती, इथे तो येऊन थांबतो. करायच्या कामांत टर्मिनलच्या प्रॉम्प्टचाही समावेश होता: सर्व्हरचं पूर्ण नाव दिसावं, प्रॉडक्शन लाल, स्टेजिंग पिवळं.