ओपोसम : एका नावाचे ऋण

इसवी सन १५०० च्या सप्टेंबरअखेरीस स्पेनमधील पालोस बंदरात दोन गलबते परतली. निघाली तेव्हा ती चार होती. दोन वादळात बुडाली होती. त्यांचा नायक व्हिसेंते यान्येस पिन्सोन हा कोलंबसाच्या १४९२ च्या पहिल्या सफरीत ‘निन्या’ या गलबताचा कप्तान होता. या खेपेस त्याने ब्राझीलचा किनारा पाहिला, अॅमेझॉन नदीचे मुख पाहिले आणि परतताना एका अपरिचित प्राण्याची मादी पकडून आणली. मांजराएवढा देह, निमुळते तोंड, केसहीन शेपटी आणि पोटाला कातडीची पिशवी. पकडली तेव्हा त्या पिशवीत पिले होती. राजदरबारापर्यंत त्यांपैकी एकही जिवंत पोहोचले नाही. पुढे मादीही मेली.

ग्रानादा येथे राणी इझाबेलाने त्या रिकाम्या पिशवीत बोटे घालून पाहिली, अशी आख्यायिका आहे. राणी तेव्हा दुःखात होती. तिचा एकुलता पुत्र हुआन १४९७ मध्ये गेला होता; थोरली कन्या, पोर्तुगालची राणी, १४९८ मध्ये बाळंतपणात गेली होती; आणि त्या कन्येचे दोन वर्षांचे बाळ मिगेल याच ग्रानादात जुलै १५०० मध्ये मरण पावले होते. पिले गमावलेल्या मातेच्या पिशवीत हात घालणारी ती राणीही तशीच एक माता होती. मात्र ज्या सफरीतून ही मादी आली, त्याच सफरीतून किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांनाही गुलाम म्हणून पकडून आणले गेले होते. त्या माणसांच्याही माता होत्या.

या प्राण्याचा पहिला युरोपीय वृत्तांत लिहिला तो दरबारातील इटालियन विद्वान धर्मगुरू पीटर मार्टर यांनी. त्यांच्या लेखी तो एक राक्षसी जीव होता : मुखवटा कोल्ह्याचा, कान वटवाघळाचे, हात माणसासारखे आणि पाय वानराचे. जे आपल्या ओळखीचे त्याचेच तुकडे जोडून अनोळखी गोष्टीचे वर्णन करावे, हा मनुष्यस्वभावच आहे. १५१६ मध्ये वाल्डझेम्युलर या जर्मन नकाशाकाराने आपल्या सागरी नकाशात दक्षिण अमेरिकेवर त्याचे चित्र काढले. त्या भूमीची ओळख म्हणून जणू एक विचित्र पशू रेखाटला गेला.

परंतु त्या भूमीवरील लोकांना तो मुळीच विचित्र नव्हता. त्यांच्याकडे त्याचे नाव होते. ते नाव कान देऊन ऐकणाऱ्यांत आपल्या ख्रिस्तसभेचे काही सेवकही होते, हे समाधानाने नमूद करावेसे वाटते. येशूसंघीय जोसे दे आंशिएता १५५३ मध्ये, एकोणीस वर्षांचे असताना, ब्राझीलला पोहोचले. १५६० मध्ये तेथील निसर्गाविषयी लिहिलेल्या दीर्घ पत्रात त्यांनी या प्राण्याचे तुपी भाषेतील नाव दिले. आज पोर्तुगीज भाषेत ते ‘सारिगे’ असे उरले आहे. त्याची दुर्गंधी, कोंबड्यांवरचा डोळा, पोटाची पिशवी आणि स्तनाग्रांना चिकटून राहणारी पिले यांचीही त्यांनी नोंद केली. त्यांनी लिहिलेले तुपी भाषेचे व्याकरण १५९५ मध्ये छापले गेले. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या, ‘ख्रिस्तपुराण’कार फादर स्टीफन्स यांची येथे आठवण होणे साहजिक आहे. लोकांची भाषा आधी शिकावी, मग बोलावे, हा दोघांचाही मार्ग होता.

तुपी भाषेशी आपलेही एक नाते आहे, ते सहसा आपल्या ध्यानात येत नाही. ‘अननस’ आणि ‘काजू’ हे शब्द मूळचे त्याच भाषेतले. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ते कोकणच्या किनाऱ्यावर उतरले आणि आपल्या वाड्यांत रुजले. सारिगे तेवढा मागे राहिला.

मेक्सिकोत फ्रान्सिस्कन फादर बेर्नार्दिनो दे साहागुन यांनी नाहुआ वृद्धांना आणि विद्यार्थ्यांना विचारून त्यांच्याच भाषेत जो महाग्रंथ सिद्ध केला, त्यातही हा प्राणी आहे. तेथे त्याच्या शेपटीचे औषध अडलेल्या बाळंतिणीला देत असत. त्या प्रदेशातील अनेक जमातींच्या कथांत तर त्यानेच मानवासाठी अग्नी चोरून आणला आणि त्या धाडसात त्याची शेपटी होरपळून केसहीन झाली! ‘त्लाक्वाचे’ हे त्याचे नाहुआ नावावरून आलेले नाव मेक्सिकोत आजही प्रचारात आहे. ज्याला एका दरबारात राक्षस म्हटले, तोच दुसऱ्या चुलीपाशी उपकारकर्ता होता.

आता ‘ओपोसम’ या नावाकडे वळू. उत्तर अमेरिकेच्या व्हर्जिनियात १६०७ मध्ये इंग्रजांची वसाहत झाली. तेथील पावहाटन लोकांचा हा शब्द; त्याचा अर्थ ‘पांढरा प्राणी’. विल्यम स्ट्रेची याने आपल्या शब्दसंग्रहात आणि कॅप्टन जॉन स्मिथ याने १६१२ च्या पुस्तकात तो नोंदवला. स्मिथनेही डुकराचे डोके, उंदराची शेपटी आणि मांजराचा आकार अशी जुळवाजुळव केली, परंतु नाव मात्र तेथल्या लोकांचेच घेतले. पुढे त्या लोकांची भूमी गेली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांची भाषाही लोपली. आज जगभर लहान मुलेही तो शब्द उच्चारतात. ज्यांनी तो दिला त्यांची भाषा बोलणारे मात्र उरले नाहीत. नाव हे असे ऋण असते.

मग शास्त्रज्ञ आले. १६९८ मध्ये लंडनच्या एडवर्ड टायसन यांनी व्हर्जिनियाहून आलेल्या एका मादीचे विच्छेदन करून रॉयल सोसायटीला निबंध सादर केला आणि लॅटिनमधील ‘मार्सुपियम’, म्हणजे पैशांची थैली, या शब्दावरून तिचे वर्णन केले. त्यावरूनच पुढे कांगारूसह सर्व शिशुधानी प्राण्यांना नाव मिळाले. १७५८ मध्ये लिनीयस यांनी ‘दिदेल्फिस’ हे प्रजातिनाम रूढ केले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘दोन गर्भाशये असलेली’. बाहेरची पिशवी हेच दुसरे गर्भाशय, असा जुना समज होता. वस्तुतः तिच्या उदरातही दोन गर्भाशये असतात. लिनीयस यांनी तिला डुक्कर, साळू नव्हे पण तिच्यासारखाच काटेरी जाहक, आणि चिचुंद्री यांच्या गणात बसवले होते. आज ओपोसमांचा स्वतंत्र गण मानला जातो आणि त्यात शंभराहून अधिक जाती आहेत. १७७० मध्ये कॅप्टन कुकच्या ताफ्यातील जोसेफ बँक्स यांना ऑस्ट्रेलियात एक पिशवीवाला प्राणी दिसला, तो त्यांना याच कुळातला वाटला. म्हणून तेथील अगदी दूरच्या नातलगांनाही आज ‘पॉसम’ म्हणतात.

विद्वान वर्गीकरण करीत असताना लोकांत एक समज पसरला होता : नर मादीच्या नाकपुड्यांतून समागम करतो आणि मादी पिले शिंकरून पिशवीत टाकते! नराचे इंद्रिय दुभंगलेले असते, त्यावरून हा तर्क निघाला. त्याचे निरसन झाले ते साध्या प्रतीक्षेने. टेक्सास विद्यापीठातील कार्ल हार्टमन यांनी पिंजऱ्यातील माद्यांवर पाळत ठेवून प्रत्यक्ष जन्म पाहिला आणि १९२० मध्ये तो वृत्तांत प्रसिद्ध केला. अवघ्या तेरा दिवसांच्या गर्भवासानंतर मधमाशीएवढे, आंधळे पिलू बाहेर येते आणि आईच्या केसांतून हातावर हात टाकीत स्वतःच पिशवी गाठते. आत बहुधा तेराच स्तनाग्रे असतात. ज्याला जागा मिळत नाही ते जगत नाही. चार शतके हा प्राणी युरोपीयांच्या नजरेसमोर होता, त्याला नावांवर नावे मिळाली होती. पण त्याच्या जन्माचा क्षण उमगायला त्याच्यापाशी बसून राहणारा कोणीतरी हवा होता.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर पशूंना आदामाकडे आणतो आणि तो त्यांना काय नावे देतो ते पाहतो. नाव देण्याचा हा अधिकार आपण नेहमी मिरवतो. पण तेथे प्राणी आधी समोर येतो, आणि नाव मागाहून येते. हा क्रम उलटला की राक्षस जन्मतात. इंग्रजीत ‘ओपोसमचे सोंग’ म्हणजे ढोंग. वास्तविक भयाने तो जीव निश्चेष्ट पडतो, तो त्याच्या इच्छेने नव्हे. कधी काही मिनिटे, कधी काही तास. आपणही अनोळखी जातीला, परप्रांतीयाला, नव्याने वस्तीला आलेल्या कुटुंबाला पहिल्याच दिवशी नाव ठेवतो आणि ते नाव मग पिढ्यान्पिढ्या पुसले जात नाही.

आज अमेरिकेच्या रस्त्यांवर रात्री असंख्य ओपोसम मोटारींखाली मरतात. माता मेली तरी पिशवीतील पिले पुष्कळदा जिवंत असतात. म्हणून वन्यजीवांची शुश्रूषा करणारे लोक सांगतात की, मेलेली मादी दिसली तर थांबा आणि तिची पिशवी तपासा. काही माणसे खरोखरच गाडी थांबवून, अंधारात गुडघे टेकून, त्या पिशवीत पाहतात. ग्रानादातल्या राणीला जी पिशवी रिकामी मिळाली, तशीच पिशवी आज कोणी अनाम माणूस जीव वाचवण्यासाठी उघडतो. नावाचे ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी ठाऊक नाही.