कुदळवाडीचे लाकूड

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तख्त येते. ते तख्त घडवणाऱ्या सुताराचे नाव बखरीत नसते आणि त्याने लाकूड कुठून आणले, हे कुणी विचारत नाही. पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीच्या कुदळवाडीत वापरलेल्या लाकडावर अनेक घरांच्या चुली पेटत होत्या. त्या लाकडाची हकिकत लिहायचे मनात बरेच दिवस होते. आता ती लिहायलाच हवी, कारण तिथली बहुतेक दुकाने आणि शेड आज जागेवर नाहीत.

आधी गावाविषयी. जुनी माणसे या गावाला टाळगाव चिखली म्हणतात. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत चिखलीचे मल्हारपंत कुलकर्णी होते, असे वारकरी परंपरा सांगते. इंद्रायणीकाठचे हे शेतकरी गाव. शेजारी पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि मग टेल्को, बजाज यांच्या मागोमाग शेकडो लहान कारखाने आले. १९९७ साली चिखली महापालिकेच्या हद्दीत गेली. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना उघडला.

कारखाना आला की यंत्र येते आणि यंत्र लाकडी खोक्यात बसून येते. जुन्या मराठीत त्याला देवदारी खोके म्हणत. यंत्र आत गेले की खोके दाराबाहेर पडते. सुटे भाग येतात ते पॅलेटवर आणि पॅलेट मोडले की तेही भंगारात जाते. हे लाकूड उचलायला, त्यातले खिळे काढायला आणि फळ्या जाडीनुसार लावून ठेवायला कुणीतरी लागते. हे काम कुदळवाडीने केले. त्यात उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान कारागीर आणि व्यापारी मोठ्या संख्येने होते, तसेच मराठवाड्यातून आलेले मजूरही होते.

या कामाला अक्कल लागत नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे. परदेशातून येणाऱ्या लाकडी पॅकिंगबद्दल २००२ साली एक आंतरराष्ट्रीय नियम ठरला. लाकडातली कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून ते गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर किमान ३० मिनिटे तापवायचे किंवा मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी द्यायची, आणि तसा शिक्का मारायचा. तापवलेल्यावर ‘एचटी’, धुरी दिलेल्यावर ‘एमबी’. ज्याला हा शिक्का वाचता येतो तो ‘एमबी’ची फळी पाळण्याला किंवा जेवणाच्या पाटाला वापरत नाही. हे ज्ञान कुठल्या शाळेत मिळत नाही. गोदामात उस्तादाच्या हाताखाली मिळते.

जुन्या लाकडाचा दुसरा झरा म्हणजे पुण्याचे वाडे. १९६१च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतली अनेक घरे कोसळली. पुढे पुनर्विकासात उरलेले वाडे उतरवले जाऊ लागले. कडीपाटाच्या फळ्या, तुळया, खांब, दारे बाजारात आली. या सागवानाला दीडशे-दोनशे वर्षांचा वाळवण मिळालेला असतो. नवे लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, दार अडकते. जुने सागवान एवढे खेळत नाही. मात्र रंध्याखाली लपलेला एक खिळा आला तर पाते गेले. म्हणून आधी हात फिरवायचा, मग चुंबक, मग रंधा.

पॅलेटच्या लाकडाची वस्तू वेगळी, सागवानाची वेगळी. पॅलेटचे तुकडे आखूड असतात. त्यांचे चौरंग, पाट, मांडण्या, दिवाणाची तळफळी होते. रेहल मात्र तशी होत नाही. कुराण ठेवण्याची रेहल एकाच अखंड फळीतून निघते. फळी मध्ये जाडीतून चिरायची, सांध्याच्या जागी एकमेकांत अडकणारे दाते कोरायचे, की ती खिळ्याशिवाय कात्रीसारखी उघडते. त्यासाठी गाठ नसलेली सरळ धाग्याची फळी हवी. पेठेतल्या वाड्याच्या दाराची फळी अशा कामाला उत्तम. ज्या दारावर गणपतीची पट्टी होती, त्याच दाराच्या फळीतून रेहल निघाली, तर लाकडाला त्यात काही विसंगत वाटत नाही.

मोडलेल्याला पुन्हा उभे करणे आपल्या परंपरेला नवे नाही. सीरतच्या ग्रंथांत येते की हजरत मुहंमद (स.) पस्तिशीत असताना कुरैशांनी काबागृह नव्याने बांधले, तेव्हा जेद्दाहच्या किनाऱ्यावर फुटलेल्या एका रोमन व्यापाऱ्याच्या जहाजाचे लाकूड छतासाठी घेतले. मक्केतला एक कॉप्ट सुतार कामाला होता. इकडे पुण्यात कोथरूडच्या मस्तानी महालाची पडझड झाल्यावर दिनकर केळकरांनी त्याचे अवशेष जमवले आणि आपल्या संग्रहालयात तो दिवाणखाना पुन्हा उभा केला. आज लोक तिकीट काढून तो बघतात. भंगार आणि वारसा यांत फरक लाकडाचा नसतो. ते कुणी उचलले, यावर ठरतो.

८ फेब्रुवारी २०२५ पासून महापालिकेने कुदळवाडी-चिखलीत कारवाई केली. काही दिवसांत चार हजारांहून अधिक बांधकामे पाडली गेली. बांधकामे अनधिकृत होती, गोदामांना वारंवार आगी लागत, इंद्रायणीचे पाणी बिघडत होते, ही कारणे दिली गेली. आगी खऱ्या होत्या आणि नदीची अवस्थाही खरी आहे. त्या आगीत होरपळलेले पहिले लोक तिथेच राहणारे कामगार होते, हेही खरे. पण त्या काळातल्या चर्चेत ‘रोहिंग्या’, ‘बांगलादेशी’ हे शब्द ज्या सहजतेने फिरले, त्यांचा आगीशी आणि नदीशी काय संबंध होता? अनधिकृत शेडवर उपाय असतो. अख्ख्या कसबी वस्तीला परके ठरवल्यावर उपाय शोधायची गरजच उरत नाही.

चाकणचे कारखाने चालू आहेत. पॅलेट रोज मोडते आहे. ते कुठेतरी जाणारच. आगीची सोय, पाण्याची सोय आणि कायदेशीर भाडेपट्टा असलेली जागा शहराने या धंद्याला दिली, तर ते लाकूड जळणाऐवजी चौरंग होईल. तोवर वाचकांना एक विनंती. घरात स्वस्तातला पाट किंवा मांडणी असेल, तर उलटी करून बघा. खाली अर्धवट रंधलेला ‘एचटी’चा शिक्का दिसला, तर ती कुणाच्या हातची असेल याचा अंदाज तुम्हाला येईल.