ब्रश गेला, कंट्रोलर आला

ब्रशलेस मोटारीतून तीन वायरी बाहेर येतात. त्यांतल्या दोन थेट बॅटरीला जोडल्या तर मोटार एक हिसका देते आणि जागीच अडकते. तशीच ठेवली तर वायंडिंग जळते. ती फिरत राहावी यासाठी कोणत्या क्षणी कोणत्या दोन वायरींतून, कोणत्या दिशेने प्रवाह सोडायचा हे सतत ठरवावे लागते. हे ठरवणारा बोर्ड म्हणजे कंट्रोलर. साध्या डीसी मोटारीत हेच काम तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर आणि त्यावर घासणारे कार्बन ब्रश करतात. कंट्रोलरचे कूळ त्यामुळे थेट कम्युटेटरपर्यंत मागे जाते.

पॅरिसमधला उपकरणे बनवणारा इपोलित पिक्सी याने 1832 साली हाताने फिरवायचे जनित्र तयार केले. त्यातून निघणारा प्रवाह दर अर्ध्या फेऱ्याला उलटत असे. आंपेअरच्या सूचनेवरून पिक्सीने त्याला दिशा पालटणारा कम्युटेटर जोडला. अमेरिकेतला लोहार टॉमस डेव्हनपोर्ट याने 1837 साली मोटारीचे पेटंट घेतले, त्यातही कम्युटेटर होताच. युक्ती देखणी आहे: रोटर फिरता फिरता आपला स्विच आपणच बदलतो, बाहेरून कोणी काही सांगायला नको. अशी सोय मोडीत काढायला सबळ कारण लागते आणि ते ब्रशनेच पुरवले. ब्रश झिजतो, त्याची काळी भुकटी आत साचते आणि एका पट्टीवरून दुसरीवर सरकताना ठिणगी उडते. मिक्सर लावला की रेडिओ खरखरतो तो या ठिणगीमुळे.

ब्रशशिवाय मोटार करायची तर आतली रचना उलटी करावी लागते. वेटोळी स्थिर भागावर, चुंबक फिरत्या भागावर आणि स्विच मोटारीबाहेर. टी. जी. विल्सन आणि पी. एच. ट्रिकी यांनी 1962 साली अमेरिकेत अशा मोटारीवर निबंध मांडला. कम्युटेटरची जागा अर्धवाहक स्विचांनी घेतली होती. चुंबक कुठवर आला हे कळण्यासाठी एडविन हॉलने 1879 मध्ये शोधलेला परिणाम कामी आला. हॉल सेन्सर चुंबकाचा ध्रुव ओळखतो आणि स्विचांना इशारा देतो. तरीही पुढची वीस वर्षे ही मोटार महागच राहिली, कारण जोरदार चुंबकही महाग होते आणि मोठा प्रवाह झटपट तोडणारे स्विचही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पॉवर मॉसफेट हे तसे स्विच बाजारात आले. 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात जपानच्या सुमितोमोत मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सने स्वतंत्रपणे निओडायमियम-लोह-बोरॉन चुंबक सिद्ध केला. फ्लॉपी, हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्हमधून ब्रशलेस मोटार मग घरोघरी पोहोचली, बहुतेकांच्या नकळत.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात याच मोटारीकडे एक अवजड काम आहे, ते खोडदला. नारायणगावजवळच्या या गावात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी ही दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून 1990 च्या दशकात ती उभी राहिली. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. त्यांतल्या 14 मध्यभागी आणि 16 इंग्रजी वाय अक्षराच्या आकारातल्या तीन भुजांवर, सगळा पसारा सुमारे 25 किलोमीटरचा. अँटेना फिरवणारी सर्व्हो यंत्रणा भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवली. प्रत्येक अँटेना आडव्या आणि उभ्या अशा दोन दिशांनी वळते, आणि प्रत्येक दिशेसाठी एक नव्हे, दोन मोटारी आहेत. गियरच्या दात्यांमध्ये थोडा प्ले राहतोच. एकच मोटार असती तर दिशा बदलताना किंवा वाऱ्याच्या झोतात तेवढ्या फटीपुरती अँटेना हलली असती. दोन मोटारी एकमेकींविरुद्ध हलका ताण धरून ठेवतात, त्यामुळे दाते कायम एका बाजूला टेकलेले राहतात.

मूळच्या मोटारी ब्रशच्या होत्या. दुर्बिणीच्या नंतरच्या उन्नतीकरणात त्यांच्या जागी ब्रशलेस मोटारी आणि त्यांचे ड्राइव्ह आले. 30 अँटेनांच्या मिळून 120 मोटारी होतात. त्यांचे ब्रश तपासत 25 किलोमीटरच्या टापूत हिंडणे म्हणजे काय, हे देखभाल करणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय ही दुर्बीण मीटरभर लांबीच्या आसपासच्या रेडिओलहरी ऐकते, आणि ठिणगीचा गोंगाट नेमका तिथेही पसरतो. अर्थात ठिणगी गेली म्हणजे शांतता आली असे नाही. कंट्रोलरचे स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात आणि त्यांचाही रेडिओगोंगाट होतो. तो धातूच्या पेटीत आणि फिल्टरमध्ये कोंडावा लागतो. ठिणगी मात्र अशी शिस्तीने कोंडता येत नाही.

खोडदच्या मोटारीपुढची दुसरी अडचण मंदपणाची. अँटेना आडव्या दिशेने जास्तीत जास्त मिनिटाला 30 अंश वळू शकते, पण आकाश तासाला 15 अंशच सरकते. मधल्या गियरचे प्रमाण 19 हजारांच्या घरात असूनही त्या संथ गतीला मोटारीचे मिनिटाला तेराच्या आसपास फेरे होतात. इतक्या हळू फिरताना मोटारीत उलट निर्माण होणारा व्होल्टेज, म्हणजे बॅक-ईएमएफ, जवळपास उरतच नाही; सेन्सर नसेल तर रोटरची जागा याच व्होल्टेजवरून ओळखतात. तिथे रोटरची जागा सांगणाऱ्या सेन्सरला पर्याय नसतो.

छंदिष्टाचा कंट्रोलर याच्या नेमका उलट टोकाला जन्मला: छोटी मोटार, प्रचंड वेग आणि सेन्सर नाहीच. ही वाट जपानमध्ये इझुका आणि सहकाऱ्यांनी 1985 साली एअर कंडिशनरसाठी मांडली होती. कॉम्प्रेसरच्या बंद भांड्यात, तापलेल्या तेलात, हॉल सेन्सर बसवणे अवघड. सहा टप्प्यांच्या पद्धतीत कोणत्याही क्षणी दोनच वायंडिंगांतून प्रवाह असतो, तिसरी मोकळी असते. तिच्यावर चुंबकामुळे उमटणारा व्होल्टेज पुरवठ्याच्या निम्म्यावर आला की रोटर कुठे आहे ते कळते. तिथून विद्युत मापाचे 30 अंश थांबायचे आणि पुढचा टप्पा घ्यायचा.

2000 च्या सुमारास जर्मनीत लुकास, रेट्झबाख आणि क्यूहफुस या विमान-मॉडेलवाल्यांनी घरी गुंडाळता येणाऱ्या मोटारीची रचना प्रसिद्ध केली. त्याच सुमारास मोडक्या सीडी ड्राइव्हच्या मोटारींना निओडायमियम चुंबक चिकटवून, जाड तार भरून त्या विमानावर चढवण्याचे वेड पसरले. तयार कंट्रोलर महाग होते, म्हणून आठ बिटांच्या एटीमेगा8 चिपवर घरगुती बोर्ड निघाले. जुन्नर-आंबेगावच्या छंदिष्टाला सुटे भाग पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत मिळतात. वायंडिंगची विद्या मात्र इथे आधीपासून आहे: बागायती पट्ट्यात पाण्याच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्याला स्टार आणि डेल्टा जोडणी नव्याने शिकवावी लागत नाही.

बोर्डावर सहा मॉसफेट असतात, तीन जोड्यांत. प्रत्येक जोडीतला खालचा सहज चालू होतो. वरच्याच्या गेटला बॅटरीपेक्षाही जास्त व्होल्टेज लागतो. तो एका डायोडमधून छोट्या बूटस्ट्रॅप कपॅसिटरमध्ये साठवून मिळवतात. कपॅसिटर भरतो तो खालचा मॉसफेट चालू असताना, म्हणून वरचा अखंड चालू ठेवता येत नाही. जोडीतले दोन्ही एकदम चालू झाले तर बॅटरी शॉर्ट होते आणि मॉसफेटचे टवके उडतात. ते टाळायला एक बंद करून दुसरा चालू करण्यात मायक्रोसेकंदाच्या घरातला विराम ठेवतात. पहिल्या चाचणीत बॅटरीच्या वायरीत गाडीचा हेडलाइटचा बल्ब ओळीने जोडणे हा जुना आणि सर्वांत स्वस्त विमा. चूक असेल तर बल्ब पेटतो, बोर्ड वाचतो. बॅटरीच्या वायरी लांब असतील तर बोर्डाजवळ मोठे कपॅसिटरही हवेत, नाहीतर व्होल्टेजच्या उसळीत मॉसफेट जातात.

खरी कसोटी सुरुवातीची. थांबलेल्या मोटारीत बॅक-ईएमएफ शून्य, त्यामुळे कंट्रोलर पहिले टप्पे अंदाजाने, आंधळेपणाने टाकतो आणि हळूहळू वेग वाढवतो. टप्प्यांचा आणि रोटरचा मेळ बसला नाही तर मोटार थरथरते, किंचाळते, पण फिरत नाही. पंखा जितका जड तितकी ही सुरुवात हळू ठेवावी लागते. कॅनडाच्या सायमन कर्बीच्या खुल्या फर्मवेअरने ड्रोनवाल्यांच्या तयार कंट्रोलरवर याच कामाची जुळवाजुळव केली. स्वीडनच्या बेंजामिन वेडर याने 2014-15 च्या सुमारास व्हीईएससी हा कंट्रोलर आराखड्यासकट सर्वांना खुला केला. त्यात पुढे सहा टप्प्यांच्या धक्क्यांऐवजी तिन्ही वायंडिंगांत गुळगुळीत लहरी सोडणारी, सीमेन्सच्या ब्लाश्के यांनी 1970 च्या सुमारास मांडलेली क्षेत्राभिमुख पद्धत आली. मोटार शांत चालते, पण त्यासाठी दर क्षणी प्रवाह मोजून त्रिकोणमितीची गणिते करावी लागतात, आणि ती एटीमेगा8 ला झेपत नाहीत. 32 बिटांची चिप आणि प्रवाह मोजणारे नेमके सर्किट लागते. घरी बनवलेला पहिला बोर्ड म्हणूनच आजही बहुधा सहा टप्प्यांचाच असतो.