दोन गोरेगावं, दोन फ्रँक

"आम्ही गोरेगावचे" म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "ईस्ट की वेस्ट?" मग सांगावं लागतं, बाबा रे, फिल्मसिटीवालं नव्हे, आमचं सेनगाव तालुक्यातलं, जिल्हा हिंगोली. गोंदियात एक गोरेगाव आहे, रायगडात माणगाव तालुक्यात आणखी एक. नुसत्या नावावर भागत नाही, हे आम्ही लहानपणीच शिकलो.

घरच्यांना पुढचा किस्सा पाठ आहे, तरी सांगतो. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता (तो १९९९ साली झाला), आम्ही परभणीत मोडायचो. माझ्या वर्गात माझ्याच नावा-आडनावाचा अजून एक मुलगा होता. फरक काय तो वडिलांच्या नावाचा. गॅदरिंगला निबंध स्पर्धेचं पहिलं बक्षीस पुकारलं, आणि पुकारणाऱ्यानं नेमकं वडिलांचं नाव गाळलं. मी उठलो, पाहुण्यांच्या हातून कंपासपेटी घेतली, फोटोही निघाला. खाली उतरलो तर सर कानात म्हणाले, "तू नाहीस रे, तो."

भर मांडवात कान लाल झाले. वाटलं, असा फजितवाडा जगात फक्त आपलाच.

पुढे ऑस्करचा इतिहास वाचला आणि जरा बरं वाटलं! मार्च १९३४ चा समारंभ. सूत्रसंचालक विल रॉजर्स. दिग्दर्शनाचं बक्षीस जाहीर करताना त्यांनी नुसतं "फ्रँक" म्हणून हाक मारली, ये आणि घेऊन जा. नामांकनात फ्रँक दोन. 'लेडी फॉर अ डे'वाला फ्रँक काप्रा आनंदाने उठून चालायला लागला. बक्षीस होतं 'कॅव्हलकेड'च्या फ्रँक लॉइडचं. जागेवर परत जाताना काय वाटलं ते काप्राने पुढे आत्मचरित्रात लिहिलंय. पुढच्याच वर्षी त्याला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, तरी ती परतीची वाट तो विसरला नाही.

तेव्हा पाकिटं नव्हती. १९४० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने निकाल समारंभाआधीच छापला, म्हणून १९४१ पासून बंद पाकीट आलं. आता चूक होणार कशी? पण २६ फेब्रुवारी २०१७ ला झालीच. खबरदारी म्हणून पाकिटांचे दोन सारखे संच मंचाच्या दोन बाजूंना ठेवले होते. त्या खबरदारीनेच घात केला. वॉरन बेटीच्या हातात अभिनेत्रीच्या बक्षिसाचं दुसरं पाकीट पडलं, आणि फे डनवेने त्यावरचं 'ला ला लँड' वाचून टाकलं. मंडळी वर चढून आभार मानत असताना निर्माता जॉर्डन होरोविट्झनेच माइकवर सांगितलं, बक्षीस 'मूनलाइट'चं आहे.

आपल्याकडेही झालं. २०२३ च्या पद्मश्रीच्या यादीत ओडिशाचे अंतर्यामी मिश्र हे नाव होतं. त्या नावाचे निघाले दोघे, एक पत्रकार, एक डॉक्टर. सन्मान पत्रकाराने स्वीकारला, डॉक्टर कोर्टात गेले, आणि २०२५ मध्ये ओडिशा उच्च न्यायालयाने दोघांनाही कागदपत्रांसह हजर व्हायला सांगितलं.

असे किस्से निघाले की सगळे हळहळतात ते चुकून वर गेलेल्यासाठी. मीही कित्येक वर्षं माझ्याच लाल कानांचं दुःख सांगत आलो. पण 'मूनलाइट'वाले त्या गोंधळातून, खरंच आपलं ना असं बघत वर आले, ते दृश्य पाहिलं आणि मला आमच्या शाळेतला 'तो' आठवला.

त्याला कंपासपेटी दुसऱ्या दिवशी वर्गात मिळाली. टाळ्या नाहीत, पाहुणे नाहीत, फोटो नाही. त्याची आई आदल्या रात्री शेतातून थेट मांडवात आली होती. तिने पाहिलं ते माझं बक्षीस घेणं.

आमच्या लग्नात आहेर पुकारताना नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव असं सगळं म्हणतात. पूर्वी मला ते कंटाळवाणं वाटायचं. आता नाही वाटत.

तो फोटो वडिलांनी फ्रेम करून बैठकीत लावला होता. अजून तिथेच आहे. पुढच्या खेपेला गावी गेलो की काढणार आहे, आणि त्याच्याकडे जाऊन येणार आहे. त्याची आई आहे अजून.

असो.