अंतराळवीरांशी बोलायचा अधिकार कोणाला?

वणीच्या आमच्या अभ्यासिकेत एका मुलीने विचारलं, "दादा, नासात आरक्षण असतं का?" बाकीची पोरं हसली. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

जिंजर केरिक १९६९ साली टेक्सासच्या एल पासोत जन्मली. मेक्सिकोच्या सीमेवरचं शहर, आई मेक्सिकन वंशाची. ती अकरा वर्षांची असताना वडील वारले. भौतिकशास्त्र शिकून १९९४ मध्ये ती नासात कायम झाली. अंतराळवीर व्हायचं होतं, पण मूतखड्यामुळे वैद्यकीय तपासणीत बाद झाली. मग अंतराळ स्थानकावर राहायला गेलेल्या पहिल्या पथकाची ती प्रशिक्षक झाली.

खरी गोष्ट इथून पुढे. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात तज्ज्ञ अनेक, पण वरच्या माणसांशी बोलतो 'कॅपकॉम'. १९६० च्या दशकापासूनचा पायंडा असा, की ती खुर्ची अंतराळवीराचीच. २००१ मध्ये स्थानकाच्या कामासाठी तिथे केरिक बसली. अंतराळवीर नसलेली पहिली व्यक्ती! कोणी कोणाशी बोलायचं याचे नियम आपल्याला नवे नाहीत, मित्रांनो. २००५ मध्ये ती फ्लाइट डायरेक्टर झाली, म्हणजे मोहिमेच्या क्षणी शेवटचा शब्द तिचा. त्या पदावरची ती पहिली हिस्पॅनिक स्त्री.

'बघा, गुणवत्तेवर पोहोचली,' असं लगेच म्हणतील. गुणवत्ता होतीच. पण दार कोणी उघडलं? १९७२ च्या कायद्याने केंद्रीय खात्यांना समान संधीचं बंधन घातलं. १९७३ मध्ये रूथ बेट्स हॅरिस या नासाच्याच कृष्णवर्णीय अधिकारी बाईंनी सहकाऱ्यांसह अहवाल लिहिला. नासाने अवकाशात पाठवलेल्या 'स्त्रिया' तीनच, दोन कोळी आणि एक माकडीण, असा टोला त्यात होता. बाईंना नोकरीवरून काढलं. ओरड झाली, तेव्हा १९७४ मध्ये परत घेतलं. १९७८ च्या ३५ जणांच्या तुकडीत सहा स्त्रिया आणि तीन कृष्णवर्णीय पुरुष आले. पहिली हिस्पॅनिक स्त्री, एलन ओचोआ, १९९३ मध्ये अवकाशात गेली. केरिक या वाटेने आली.

आणि आपल्याकडे? केंद्राच्या आरक्षण नियमांतच संशोधनाच्या वरच्या वैज्ञानिक-तांत्रिक पदांना सूट आहे. गगनयानाच्या नियंत्रण कक्षात उद्या कोण बसणार, यावर टीव्हीवर चर्चा होत नाही.

त्या मुलीला मी सांगितलं, नासात आपल्यासारखं आरक्षण नाही, पण कायद्याचा धाक होता. तिचा पुढचा प्रश्न, "मग इस्रोत आपले किती?" माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. मसुदा तीच लिहिते आहे.