झेंडू आधी की तरवड?

दसरा जवळ आला की आमच्या वारंगा फाट्यावर रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग लागतात. नांदेड, हिंगोली, नागपूरकडच्या गाड्या थांबतात, घासाघीस होते. झेंडूशिवाय तोरण आपल्याला सुचतच नाही. पण हे फूल आपल्या देवांइतकं जुनं नाही बरं का!

झेंडूचं माहेर मेक्सिको. तिथल्या नाहुआ लोकांच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ 'वीस फुलं', भरगच्च पाकळ्या बघून ठेवलेला. आजही नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे मेलेल्या माणसांना घराची वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या अंथरतात. आपला पितृपंधरवडाच म्हणा ना! १५२१ साली स्पेनच्या फौजेने त्यांची राजधानी जिंकली आणि तिथलं बी समुद्रापार निघालं. पोर्तुगीज १५१० पासून गोव्यात होतेच. मिरची त्यांच्या जहाजातून आली, झेंडूही त्याच वाटेने आला असं मानतात. इंग्रजीत मात्र याला 'आफ्रिकन' म्हणतात. जन्म कुठला, नाव कुठलं!

मग त्याआधी पिवळं फूल कोणतं? ते अजून बांधावर उभं आहे: तरवड. नवरात्रात घटावर आपण तरवडाच्या, कारळ्याच्या फुलांची माळ सोडतो, ती जुनी रीत. शेजारच्या तेलंगणात बायका बतुकम्मा रचतात, त्यातलं तंगेडू म्हणजे हाच तरवड. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण दोघी एकाच निजामाच्या राज्यात होतो. भाषा वेगळी, फूल एकच. तरवडाची साल चामडं कमवायलाही लागायची. त्याला ना बी विकत घ्यावं लागतं, ना पाणी द्यावं लागतं. तरी बांध साफ करताना पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते.

झेंडूला आम्ही परका म्हणणार नाही. त्याच्या मुळांमुळे जमिनीतले काही सूत्रकृमी कमी होतात, म्हणून हळदीत, टोमॅटोत तो लावतात. पण पूर्वी वाळलेलं तोरण चुरून परसात टाकलं की पुढच्या वर्षीची फुलं तयार. आता संकरित बी दरवर्षी विकत घ्यायचं, तोडणी आपण करायची, आणि सगळ्यांचा माल एकाच दिवशी आला की संध्याकाळी उरलेली फुलं रस्त्यावरच टाकून यायचं. गावरान झेंडू कुणाच्या परसात असेल तर त्याचं बी गटात वाटून घ्या.

आणि घट बसायच्या आधी सासूबाईंना विचारून ठेवा, त्यांच्या माहेरी पहिली माळ कशाची असायची. तरवड म्हणाल्या, तर तो कुठल्या बांधावर होता तेही विचारा.