हेमी इंजिन : गिअरबॉक्स व ॲक्सलची जोडणी

क्रायस्लरने 1966 ते 1971 या काळात प्लिमथ आणि डॉज गाड्यांत दिलेल्या 426 घनइंची हेमी इंजिनाला कोणता गिअरबॉक्स आणि कोणता मागचा ॲक्सल लावायचा, याविषयीचे कारखान्याचे नियम. कागदोपत्री 425 अश्वशक्ती आणि 490 फूट-पौंड टॉर्कच्या या इंजिनासोबत दोनच गिअरबॉक्स मिळत : चार गिअरचा मॅन्युअल ए-833 किंवा तीन गिअरचा ऑटोमॅटिक टॉर्कफ्लाइट 727. मॅन्युअल गिअरबॉक्सही सरसकट सारखा नव्हता. 383 घनइंची इंजिनाला 23 दात्यांचा इनपुट शाफ्ट पुरत असे. हेमी आणि 440 साठी मात्र 18 रुंद दात्यांचा, अधिक जाड शाफ्ट असे. एवढ्यावरून ताकद वाढली की भाग जाड होतात, असा सरळ हिशेब कुणी मांडेल. पण मागचा ॲक्सल पाहिला की तो हिशेब अपुरा ठरतो. मॅन्युअल हेमीला 9¾ इंची क्राउन गिअरचा डेना 60 ॲक्सल बसवत, तर ऑटोमॅटिक हेमीला सामान्यतः क्रायस्लरचा स्वतःचा 8¾ इंची. इंजिन तेच असूनही ॲक्सल बदलतो, म्हणजे निर्णायक बाब ताकदीपेक्षा हिसका ही आहे.

यावर रास्त आक्षेप असा, की गाडी जागची हलताना टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क सुमारे दुप्पट करतो. पहिल्या गिअरचे गुणोत्तर मॅन्युअलमध्ये 2.65 आणि ऑटोमॅटिकमध्ये 2.45 धरले, तरी जास्त भार ऑटोमॅटिकच्याच ॲक्सलवर यायला हवा. सलग ओढीपुरते ते खरे आहे. पण चढ्या आरपीएमवर क्लच एकदम सोडला, की फिरत्या फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा क्षणार्धात दात्यांवर आदळते. कन्व्हर्टरमधले तेल थोडे घसरू देते, त्यामुळे भार चढत्या क्रमाने येतो. 4.10 गुणोत्तराच्या ‘सुपर परफॉर्मन्स ॲक्सल पॅकेज’मध्ये ऑटोमॅटिकलाही डेना 60 मिळे, हा या विवेचनाला अपवाद वाटेल; मात्र ते पॅकेज ड्रॅग शर्यतीसाठीच होते, आणि तिथे प्रत्येक सुरुवात पूर्ण जोर लावूनच होते.

प्रत्येक बंधन मात्र या कारणाने आलेले नाही. हेमीसोबत एसी मिळत नसे, त्याचा ॲक्सलच्या मजबुतीशी संबंध नाही. तरीही जुनी गाडी मूळ अवस्थेत आहे का, हे तपासताना हे नियम हुकमी उपयोगाचे आहेत. 1969 नंतरच्या फेंडर टॅगवर हेमीसाठी ई74, चार गिअरच्या मॅन्युअलसाठी डी21 आणि ऑटोमॅटिकसाठी डी32 हे संकेत असतात. ई74 आणि डी21 सोबत असलेल्या गाडीखाली 8¾ इंची ॲक्सल दिसला, तर तो नंतर बदललेला आहे असे मानूनच पुढची तपासणी करावी.